बोलर कुठाय?

निमगाव सावाला शाळेच्या मागच्या बाकावर आम्ही जे क्रिकेट खेळायचो, त्यात बॅट नव्हती, बॉल नव्हता, पुस्तक होतं. डोळे मिटून पान उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे रन. शून्य आलं की आउट. आठाला आमच्या वर्गात रन नव्हता, शेजारच्या वर्गात एक धरायचे. त्यावरून मधल्या सुट्टीत कॉलर धरण्यापर्यंत मजल जायची. डावं पान कायम सम आकड्याचं, म्हणजे ०, २, ४, ६, ८ एवढंच पडणार. सरासरी पाच चेंडूंना एक विकेट, विकेटमागे १२ रन, दहा गडी मिळून १२०. हे गणित फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की गावसकर आणि अकराव्या नंबरचा मनिंदर सिंग सारखेच रन काढतात.

आणि बोलर? तो वहीत नावापुरता. कपिल टाको नाहीतर आमच्यातला कुणी, पान तेच.

ही खोड आमचीच नव्हे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर म्हणजे सामन्याचा निम्मा जीव. तरी १९४१ मध्ये ईथन ॲलन या माजी खेळाडूने काढलेल्या ‘ऑल-स्टार बेसबॉल’ या घरबसल्या खेळात फिरत्या काट्याखाली फक्त फलंदाजाची गोल चकती ठेवायची. समोर कोण टाकतोय याची काट्याला पर्वा नसे. १९५१ मध्ये ‘ॲपबा’ या तशाच घरबसल्या खेळाने पिचरना ए ते डी अशा श्रेणी दिल्या. खरी वाटणी केली १९६१ मध्ये हॅल रिचमनच्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ने. तीन फासे. त्यातल्या एका वेगळ्या फाशावर १ ते ३ पडले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर, ४ ते ६ पडले तर पिचरच्या. निम्मं तुझं, निम्मं माझं. मग पिचर दमायलाही लागला, आणि कुणाला आधी काढायचं, कुणाला शेवटासाठी राखायचं, याचं डोकं चालवणं आलं.

१९८० मध्ये लेखक डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी न्यूयॉर्कमधल्या एका रेस्टॉरंटच्या नावाने ‘रोटिसरी’ ही बेसबॉलची कागदी लीग सुरू केली. खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवर गुण द्यायचे. आठ मोजमापांपैकी चार पिचरची: विजय, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी) आणि दोन सरासरीची. इथे चलाख लोकांनी फट शोधली. कमी टाकणाऱ्याचीही सरासरी चांगली राहू शकते. मग थोडंच पण चोख टाकणारे घ्यावेत आणि विजयांवर खुशाल पाणी सोडावं.

आपल्याकडे बोलरला भाव आला तो खेळाडूंचे आकडे छापलेल्या ट्रम्प कार्डांत. हातात कपिलचं कार्ड आलं की ‘विकेट!’ म्हणून ओरडायचं, त्याच्या ४३४ कसोटी विकेटींसमोर कोण टिकणार? २००८ मध्ये मुंबईत खऱ्या सामन्यांवर संघ निवडून गुण मिळवायचं ‘ड्रीम११’ निघालं आणि पुढे एका विकेटला २५ गुण, एका रनला एक, असा हिशेब मोबाइलवर आला. शेवटची षटकं टाकणारा अचानक लाडका झाला, कारण तिथे फलंदाज आंधळी बॅट फिरवतात. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळणं बंद झालं. मला त्याचं फार दुःख नाही.

पण आमच्या खेळात बोलर नव्हताच, हे तितकंसं खरं नाही. पुस्तक फिल्डिंगवाल्याचं असे. एकाने गाईडचं ४० वं पान आदल्या रात्री उलटं दाबून, वर पाटा ठेवून झोप काढली होती. सकाळी मी डोळे मिटून अंगठा फिरवला. चाळीस. पुढच्याला दिलं. चाळीस. तिसऱ्याने पुस्तक उभं धरून पाहिलं, शिवणीपाशी फट दिसत होती. आरडाओरडा झाला, पण विकेटी परत मिळाल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकजण दप्तरात आपापलं पुस्तक आणू लागला, आणि बॅटिंगला जाण्याआधी समोरच्याच्या पुस्तकाची पाठ तपासू लागला.