काळ्या मातीच्या अंगणात खडी टाकताय? आधी पाण्याला वाट काढून द्या

जळगाव/धुळे : मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की खान्देशात मळ्यातल्या घरांपुढे सगळीकडे एकच अवस्था दिसते. चप्पल चिखलात रुतते, मोटारसायकल ओट्यापर्यंत येत नाही, म्हाताऱ्या माणसाला गोठ्यापर्यंत जाणेही अवघड होते. मग घाईघाईने एक ट्रॉली खडी आणून टाकली जाते. पुढच्या पावसाळ्यात ती खडी दिसतच नाही आणि पुन्हा दुसरी ट्रॉली येते. ही खडी जाते कुठे आणि ती टिकवायची कशी, याची ही माहिती.

हा त्रास आता का वाढला?

गाव पांढरीत आणि शेत काळीत, ही आपल्याकडची जुनी विभागणी. पांढरी माती काळीसारखी फुगत नाही, भेगाळतही नाही. आता गावठाणात जागा उरली नाही. लोक मळ्यात आणि शेतात पाडलेल्या प्लॉटवर घरे बांधतात. म्हणजे घर काळीत आले, पण अंगण करायची पद्धत पांढरीतलीच राहिली.

काळी माती बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड झिजून तयार झालेली आहे. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. टाकलेली खडी उन्हाळ्यात भेगांत उतरते. पावसाळ्यात वरून चाक गेले की मऊ माती खडीच्या फटींतून वर येते आणि दगड खाली बसतो. थर कितीही टाकला तरी खाली चिखल असेल तर तो गिळला जाणारच.

पहिले काम उताराचे

घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ५० फुटांना १ फूट उतार द्यावा. ३० फुटांच्या अंगणाला हा उतार साधारण ७ इंच होतो. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी लावून तो मोजता येतो. अंगणाच्या खालच्या कडेला फूटभर रुंद चारी काढून ती बांधाच्या कडेने शेतातल्या चारीला किंवा नाल्याला जोडावी. शेजाऱ्याच्या वावरात पाणी सोडू नये, भांडणाचे मूळ तेच असते.

छताचे पाणी वेगळे काढावे. १००० चौरस फूट छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण १८५० लिटर पाणी खाली येते. हे पाणी जोत्याजवळ मुरले तर तिथली माती फुगते आणि भिंतींना तडे जातात. त्यामुळे पन्हाळीला पाइप लावून पाणी लांब न्यावे.

शोषखड्डा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तापीकाठी रावेर, यावल, चोपडा भागात मातीचा थर फार खोल आहे. नुसत्या काळ्या मातीतला खड्डा पाणी लवकर ओढत नाही, तो भरून उभा राहतो. साक्री तालुक्यात किंवा धुळ्याच्या माळरानाकडे मुरूम वरच लागतो, तिथे शोषखड्डा चांगला चालतो.

मग मुरूम, शेवटी खडी

वरची ६ इंच काळी माती काढून शेतात टाकावी. उरलेल्या भेगांत बारीक कोरडा मुरूम भरावा. त्यावर मुरूम एकदम न ओतता ३-३ इंचांचे दोन थर द्यावेत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस किंवा रोलरने दबई करावी. रोलर मिळाला नाही तर भरलेली ट्रॉली मागेपुढे फिरवली तरी बरेच काम होते.

मुरूम घेताना मूठभर घेऊन पाण्यात कालवून पाहावा. तळाशी खरखरीत खडे राहिले तर माल चांगला. सगळा गाळ झाला तर ती मातीच आहे, परत पाठवा.

मुरमावर २ इंच खडी पुरे. गाडी येते त्या पट्ट्यात २० मिलिमीटरची क्रशरची खडी टाकून फटींत कच भरावी. क्रशरच्या खडीला कोने असल्याने दगड एकमेकांत अडकतात. नदीतले गोल गोटे चाकाखाली सरकतात, ते झाडाभोवती शोभेला ठीक. कडेला दगड किंवा विटांची ओळ गाडली नाही तर खडी पसरत जाते.

मुरूम आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरले तर माती वर येत नाही आणि पाणी मात्र झिरपते. त्याऐवजी प्लास्टिकचा कागद टाकू नये, त्यावर पाणी साचते.

माल किती लागेल?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २० बाय ३० फुटांच्या अंगणाला दबलेला ६ इंच मुरूम ३ ब्रास भरतो. दबईत तो बसतो म्हणून सुटा माल ४ ब्रासच्या आसपास धरावा. २ इंच खडीला १ ब्रास लागते. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकार करा, त्याला १०० ने भागा. किती ब्रास आले ते तिथेच कळते.

मालाबरोबर वाहतूक पासही मागून घ्यावा. नाल्यातले गोटे, वाळू किंवा गायरानातला मुरूम परवान्याशिवाय उचलू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, ट्रॅक्टरही जप्त होतो.

सगळे अंगण दगडाने झाकू नका

आपल्याकडचे ऊन सगळ्यांना माहीत आहे. खडी दिवसभर तापते आणि रात्री उष्णता सोडते. त्यामुळे खिडक्यांपुढची जागा आणि लिंबाचे आळे मोकळे ठेवावे. मका, ज्वारी वाळवायच्या जागी खडी नको, धान्यात खडे येतात. जनावरे उभी राहतात तिथेही टोकदार खडी नको, खूर दुखावतात आणि जनावर लंगडते. तिथे दाबलेला मुरूम आणि वर बारीक कच पुरेशी आहे.

काम आखाजीनंतर धरावे आणि मृगाआधी संपवावे. भर पावसात चिखलावर टाकलेला माल वाया जातो. पहिल्या वर्षी कुठे कुठे खड्डे पडतील, तिथे दिवाळीनंतर मुरूम भरून पुन्हा दबई करावी. चारीतला गाळ दर उन्हाळ्यात काढावा.

हाताशी पैसा कमी असेल तर यंदा उतार आणि चारी करा, जमले तर मुरूम टाका. खडी पुढच्या वर्षी टाकली तरी चालते. पाण्याला वाट मिळाली की निम्मा चिखल पहिल्याच पावसाळ्यात कमी झालेला दिसेल.