'लॉर्ड एल्फिन्स्टन' नेमका कोणता?

सातारा किंवा सांगली संस्थानावर काम करायचं ठरवलंत, की पहिल्या आठवड्यातच एक नाव समोर येईल : एल्फिन्स्टन. तुमच्या टिपणवहीत ते बहुधा 'लॉर्ड एल्फिन्स्टन' असंच उतरेल. माझ्याही वहीत उतरलं होतं. १८१९ ची व्यवस्था आणि १८५७ ची दडपशाही, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर! मग साधा हिशेब केला. १७७९ साली जन्मलेला माणूस १८५७ मध्ये अठ्ठ्याहत्तरीला टेकलेला असणार. तो तेव्हा मुंबईचा गव्हर्नर कसा?

माणसं दोन आहेत. काका आणि पुतण्या.

'लॉर्ड एल्फिन्स्टन' हा स्कॉटलंडमधला वंशपरंपरागत किताब, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पहिला लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला. असा किताब एका वेळी एकाच माणसाकडे असतो, भावाभावांत वाटला जात नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, म्हणून तो कधीच 'लॉर्ड' झाला नाही. १८१८ मध्ये प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवणारा आणि पटवर्धन सरदारांशी बोलणी करणारा तो हाच. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८५३ ते १८६० या काळातला गव्हर्नर जॉन, तेरावा लॉर्ड, हा त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. १८५७ मध्ये रंगो बापूजींच्या साथीदारांना साताऱ्यात देहदंड झाला, तो याच्या कारकिर्दीत.

आता तुम्ही म्हणाल, नावाची एवढी चिकित्सा कशाला? कारण खरा प्रश्न पुढेच आहे : वारस कोणाला म्हणायचं?

१८१९ च्या तहात साताऱ्याचं राज्य राजा आणि त्याचे वारस यांच्याकडे कायम राहील असं होतं. एप्रिल १८४८ मध्ये शहाजीराजे (आप्पासाहेब) वारले. औरस मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. हिंदू रिवाजात दत्तक म्हणजे पुत्रच. पण डलहौसीचं म्हणणं असं, की हे राज्य कंपनीनेच उभं केलेलं, तेव्हा आमच्या संमतीशिवाय दत्तकाला गादी नाही. राज्य खालसा झालं.

बारा वर्षांनी, १८६० मध्ये, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन अविवाहित वारला. त्याच्याकडे त्या वेळी दोन किताब होते. १८५९ मध्ये मिळालेला नवा किताब त्याच्याबरोबरच संपला, कारण तो फक्त त्याच्या औरस वंशापुरता होता. जुना स्कॉटिश किताब मात्र सरळ चुलतभावाकडे गेला. माणूस एक, मृत्यू एक, निकाल दोन. फरक पडला तो सनदेतल्या शब्दांमुळे.

अर्थात किताब आणि राज्य एका तराजूत घालता येत नाहीत. किताबाबरोबर रयत जात नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. किताबाच्या बाबतीत 'वारस' शब्दाचा अर्थ आधीपासून ठरलेला होता. साताऱ्याच्या बाबतीत तो ठरवला कंपनीने, आणि राज्य मिळणार होतं तेही कंपनीलाच. फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच.

सांगलीकडे बघा म्हणजे हे आणखी स्पष्ट होईल. १८५७ नंतर सरकारचं धोरण बदललं आणि संस्थानिकांच्या दत्तकाला मान्यता मिळू लागली. १९०१ मध्ये धुंडिराज तात्यासाहेब पटवर्धन वारले तेव्हा मुलगा नव्हता. तरी सांगली खालसा झाली नाही. १९०३ मध्ये दत्तक चिंतामणराव गादीवर आले. रिवाज तोच होता, बदललं होतं ते सरकार.

तेव्हा दप्तरात किताब दिसला, की आधी तारीख बघा आणि त्या दिवशी तो कोणाकडे होता ते शोधा. आणि 'वारस' शब्द दिसला, की पुढे जाऊ नका. त्याचा अर्थ लावायचा अधिकार त्या वेळी कोणाच्या हातात होता, हे आधी विचारा. कधीकधी अख्खा प्रबंध त्या एका प्रश्नावर उभा राहतो.