मण्यांवर मोजलेला श्वास

मंडळी, पुसेगाव म्हटलं की पुष्कळांना साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं आठवतं. आपण बसलोय ते हिंगोलीचं, सेनगाव तालुक्यातलं. १९२९ मध्ये मुंबईत परळला फक्त मुलांसाठी वाडिया रुग्णालय सुरू झालं, तेव्हा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बालरोगशास्त्राचा इतिहास सांगताना आपण सहसा अशी रुग्णालयंच मोजत जातो. घरात जन्मून घरातच गेलेलं बाळ त्या इतिहासात येत नाही.

ते आलं गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे बालमृत्यूंची नोंद ठेवली, तेव्हा न्यूमोनिया मोठा मारेकरी निघाला. तो गावात ओळखायचा कसा? मिनिटाचे श्वास मोजून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, म्हणजे धोका. पण गावच्या सुइणींना इतके आकडे येत नव्हते. मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, बस्स. आम्हाला विचाराल तर स्टेथोस्कोपच्या शेजारी ठेवावी अशी ही वस्तू आहे.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायका आरोग्यदूत झाल्या. त्या बाळाचं वजन घेत, ऊब देत, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची? वादाचा मुद्दा हाच होता. पण तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी हे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेच वर्ष!

२०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशाताईंकडे दिली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी, घरी झालं तर सात. वजनकाटा आला, थर्मामीटर आलं. इंजेक्शन मात्र तिच्या पिशवीत आलं नाही. आमच्या मते या कामाचा गाभाच तिथे सुटला. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, हे तिला घरातच कळतं. सुईसाठी मात्र गाडी बोलवायची आणि वाट बघायची.

आता प्रश्नोत्तरं घेऊ. आधी आशाताईंनी बोलावं, डॉक्टर मंडळींनी नंतर.