किंचित ढिलं

भिंतीला मी पाडलेलं भोक आणि त्यात बसवायचा स्क्रू यांची पत्रिका आजवर कधी जुळलेली नाही. भोक नेहमी थोरलं! मग त्यात काडेपेटीच्या दोन काड्या कोंबायच्या आणि "आता हत्ती टांग!" असं सौ.ला ठणकावून सांगायचं. परवा हत्ती नव्हे, सासऱ्यांची तसबीर खाली आली. तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास मांडला आहे.

अभ्यासात कळलं, की जगात काही माणसं घरी विमान बांधतात. पंखाच्या पोटात एक तुळई असते, ती बोल्टांनी धडाला जोडतात. त्या बोल्टांची भोकं शेवटी रीमर नावाच्या हत्याराने केसाच्या अंशाअंशाने मापात आणतात. कारण भोक किंचित ढिलं राहिलं, तर हवेच्या दर हिसक्याला बोल्ट आत ठोके देतो, भोक वाढतं आणि त्याचा भार शेजारच्या बोल्टावर जातो. हे मला लगेच पटलं. आमच्या बँकेतही एक टेबल ढिलं असलं, की शेजारचंच वाकतं.

हे दुखणं पहिल्या घरगुती विमानाइतकं जुनं आहे. राइट बंधू म्हणजे अमेरिकेतल्या डेटन गावचे सायकलवाले. 1903च्या नोव्हेंबरात किटी हॉकच्या वाळूत त्यांनी इंजिन चालू केलं. ते असे हिसके देत सुटलं, की प्रॉपेलरच्या दांड्यांवरची दातेरी चाकं ढिली झाली आणि दांड्याही बिघडल्या. दांड्या डेटनला गेल्या, मेकॅनिक चार्ली टेलरने दुरुस्त केल्या, 20 नोव्हेंबरला परत आल्या. चाकं पुन्हा ढिली! कितीही आवळा, व्यर्थ. शेवटी भावांनी सायकलचे टायर चिकटवायचं सिमेंट काढलं, दांड्या तापवून आट्यांत ओतलं आणि चाकं फिरवून बसवली. ती पुन्हा हलली नाहीत.

म्हणजे थोरामोठ्यांनीही काडी कोंबलीच की! मी हर्षाने सौ.ला हाक मारणार, तोच पुढचं वाचलं. 28 नोव्हेंबरला एका दांडीला चीर दिसली. डबीत सिमेंट असूनही त्यांनी ते त्या चिरेला लावलं नाही. ऑरव्हिल उठला, थेट डेटनला गेला आणि पोकळ दांड्यांऐवजी भरीव पोलादी दांड्या करून 11 डिसेंबरला परतला. 17 डिसेंबरला विमान 12 सेकंद उडालं, 120 फूट गेलं. त्यात पालथं पडून उडायचं होतं ते त्या दोघांपैकीच एकाला. काडी कुठे चालते आणि कुठे नाही, हे अशा वेळी चटकन कळत असावं.

तसबीर उद्या पुन्हा लागेल. बरोबर तिच्याखाली माझी खुर्ची आहे. म्हणून मी सुताराला बोलावलं आहे.