धावणाऱ्या बायांनी दुखणं का लपवलं?



आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आता गावोगावी मुली धावताना दिसतात. कुणी शाळेच्या स्पर्धेसाठी धावते, कुणी तब्येतीसाठी, पण बहुतेक जणी पोलीस भरतीसाठी. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. मैदानी चाचणीच्या एकूण ५० गुणांपैकी २० गुण या एका धावण्याला आहेत, बाकीचे १०० मीटर आणि गोळाफेकीला. म्हणजे त्या दोन-तीन मिनिटांत घरातल्या पहिल्या नोकरीचा निकाल लागू शकतो.

गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा आया एक गोष्ट सांगतात. "पोरगी लंगडत घरी येते. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणते." एका गावात एक नाही, गावोगाव हेच. मुलींना विचारलं की खरं कारण कळतं. "सांगितलं तर ग्राउंडला जाणं बंद होईल." दुखणं सांगितलं की धावणं जाईल, ही भीती या मुलींनी स्वतः शोधून काढलेली नाही. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथल्या शर्यतींत खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी धावायला आले. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. ते पाहून टाटांनी ठरवलं की आपली माणसं ऑलिंपिकला पाठवायची. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतं. २ तास ५० मिनिटांत ते पूर्ण करून चौगुले एकोणिसावे आले. कष्टकऱ्याच्या पायांत काय ताकद असते ते जगाने पाहिलं.

पण त्या वर्षी ऑलिंपिकच्या धावण्याच्या मैदानावर एकही बाई नव्हती. भारताचीच नव्हे, कुठल्याच देशाची नव्हती. बायांसाठी धावण्याची शर्यतच ठेवलेली नव्हती.

ती पहिल्यांदा ठेवली १९२८ साली, हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमला. त्यातली सगळ्यांत लांब शर्यत होती ८०० मीटरची, आज आपल्या मुली भरतीत धावतात तेवढीच. अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रम करून जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या. जिवाच्या आकांताने धावल्यावर कुणीही तसंच करेल. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं की बाया कोसळल्या, अर्ध्यात सोडून गेल्या, हे दृश्य बघवत नव्हतं. काहींनी तर मैदानात जेवढ्या बाया होत्या त्यापेक्षा जास्त बायांची दैना छापली. झालं! बाईच्या शरीराला हे झेपत नाही असं ठरवून बायांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली. ती परत आली १९६० साली. मध्ये बत्तीस वर्षं गेली. एका पिढीच्या पोरी आज्या झाल्या.

आता हे ताडून बघा. वीस वर्षं आधी, १९०८ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये दोरांदो पिएत्री नावाचा इटलीचा धावपटू शेवटच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा कोसळला. लोकांनी हाताला धरून त्याला रेषेपार नेलं. मदत घेतली म्हणून त्याला बाद केलं, पण दुसऱ्या दिवशी खुद्द राणीने त्याला चांदीचा चषक दिला. पुरुषांची मॅरेथॉन काही कुणी बंद केली नाही. पुरुष पडला तर शूर ठरला. बाई नुसती दमून बसली, तर साऱ्या बायांसाठी दार लागलं.

अशा वेळी बाई काय करणार? लपवणार. १९६६ साली अमेरिकेत बॉबी गिब नावाच्या तरुणीने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. उत्तर आलं, बायकांच्या शरीराला एवढं अंतर जमत नाही. ती शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या जागेजवळ झुडपांत लपून बसली आणि पुरुष धावायला लागल्यावर त्यांच्यात शिरली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं आणि आडनाव लिहून त्याच शर्यतीचा क्रमांक मिळवला. वाटेत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावर धावून जाऊन तो क्रमांक ओढायचा प्रयत्न केला. तरी तिने शर्यत पूर्ण केली. अशा वेळी पाय दुखतोय म्हणून थांबायची तिला मुभा होती का? ती थांबली असती, तर लोक म्हणाले असते, बघा, आम्ही सांगत होतो.

बोस्टनने बायांना रीतसर प्रवेश दिला १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये बायांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली. ती जिंकली अमेरिकेच्या जोन बेनॉइटने, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. देशाच्या निवड चाचणीच्या फक्त सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती. ही गोष्ट पुष्कळदा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आम्हाला त्यात दुसरंही काही दिसतं. तिने गुडघा दुखतो हे सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, दोष सापडला, उपचार झाला. तिचं दुखणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला नाही. जिद्द आपल्या मुलींकडेही आहे. कमी पडते ती दुखतंय म्हणायची सोय.

आता महाराष्ट्रात येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी गावची कविता राऊत २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली. ट्रॅकवर धावून राष्ट्रकुलचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं रौप्य आणि ५,००० मीटरचं कांस्य मिळवलं. साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये ती सलग तीनदा भारतीय महिलांत पहिली आली. मग ती ३,००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली. त्यात अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी असते. बायांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती थेट २००८ साली. आठच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आपली ललिता तिच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दार उघडायला उशीर झाला, आत जायला आपल्या पोरींना वेळ लागला नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या बारामतीजवळच्या लता करे. साठी ओलांडलेल्या या बाई २०१४ साली नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण गटातल्या बायांनी आणखी एक विचार करावा. उपचाराच्या पैशासाठी म्हातारपणी अनवाणी धावावं लागू नये, याच कारणाने तर आपण महिन्याला बचत टाकतो ना?

हा सगळा इतिहास कशासाठी सांगितला? बाईच्या शरीराला लांब अंतर झेपत नाही, हे खोटं होतं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या बायांच्या मुलखात ते वेगळं सिद्ध करायची गरज नव्हती. पण त्या खोट्याने एक सवय लावली. दुखलं तरी बोलायचं नाही. आणि लपवलेलं दुखणंच मोठं होतं.

धावणारीला दुखापत बाई म्हणून होत नाही. बहुतेक वेळा ती एकदम जास्त धावल्याने होते. भरतीची जाहिरात आली की आपल्या मुली एका आठवड्यात शून्यावरून रोजच्या पाच किलोमीटरवर जातात. त्यातही आपल्या भागाची अडचण वेगळी. उसाच्या कडेने अंधारात बिबट्याचं भय, म्हणून उजाडल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. आणि उजाडलं की दूध, पाणी, डबे यांची घाई. मग मुलगी उपाशीपोटी, अंग मोकळं न करता, डांबरी रस्त्यावर जोरात धावते आणि घरी येऊन लगेच कामाला लागते. विश्रांती कुठेच नाही. हाड आणि स्नायू धावताना झिजतात आणि विश्रांतीत भरून येतात. वारीतसुद्धा विसावा असतो, मुक्काम असतो. तो काढून टाकला तर पंढरपूर गाठणं होणार नाही.

काही गोष्टी आईने आणि मुलीने दोघींनी ओळखायला शिकाव्यात. पूर्ण नडगी ठणकत असेल, तर धावणं निम्म्यावर आणावं आणि मातीच्या मैदानावर धावावं. पण हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, बसल्या जागी किंवा रात्री दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा धावणं थांबवून डॉक्टरांकडे जावं. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही असंही होतं. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं थांबलं नाही, तर पुन्हा दाखवावं. पाय मुरगळला तर पहिले काही दिवस चोळायचा नाही. पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. मुरगळलेल्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून घ्यावा. वेदनेची गोळी घेऊन धावायला जाणं तर मुळीच नको. गोळीने दुखणं झाकतं, चीर वाढतच राहते.

बर्फाबद्दल पण सांगतो. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा उपाय गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली एका पुस्तकातून सांगितला आणि जगभर पसरला. पुढे त्यांनीच म्हटलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांनी जखम भरायला उशीर होऊ शकतो. म्हणून सूज-ठणका असताना थोडा वेळ फडक्यात गुंडाळून बर्फ ठीक, पण महिनाभर खाटेवर पडून राहणं हा उपाय नाही. दुखणं कमी झालं की आधी चालणं, मग चालणं-धावणं, मग धावणं.

आणखी एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोला. धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणून सोडू नका. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी थांबते आणि हाडं ठिसूळ होतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये या तिन्हींचा मेळ एकत्र मांडला. डॉक्टरांना दाखवा आणि ताटात भर घाला. धावण्याआधी एक केळं किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे, आल्यावर भाकरी, उसळ, अंडं, जे घरात असेल ते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल, तर मुलगी आळशी नाही, तिच्या अंगात रक्त कमी आहे.

गट म्हणून आपण काय करू शकतो? मुलींना एकेकटीने न सोडता चार-पाच जणींनी मिळून, उजेडात आणि उसापासून लांब धावायला पाठवू शकतो. चांगल्या बुटांसाठी गटातून छोटं कर्ज देऊ शकतो, कारण म्हशीच्या औषधाला देतोच. आठवड्यातून दोन दिवस त्या मुलीची सकाळची कामं घरातल्या भावाने करावीत, असं ग्रामसंघाच्या बैठकीत उघड बोलू शकतो. आणि मुलगी लंगडत आली, तर पहिलं वाक्य 'तुला सांगितलं होतं' असं न म्हणता 'कुठं दुखतंय, दाखव' असं म्हणू शकतो. सोबत हेही सांगायचं, की पाय बरा झाला की ग्राउंडला परत जायचंय.

१९२८ साली दमलेल्या बायांना बघून लोकांनी शर्यत बंद केली. त्यांना पाणी द्यावं, बसू द्यावं, पुन्हा धावू द्यावं, एवढं साधं तेव्हा कुणाला सुचलं नाही. आपल्याला सुचायला हरकत नाही. पुढच्या बैठकीत कर्जाची वही मिटली की आपल्या गावात धावणाऱ्या मुली किती आणि त्यातल्या कुणाला काय दुखतंय, हे विचारून घ्या.