वाळवंटाची बेगमी

बिकानेरला जाऊन आलेला माणूस भुजियाचा पुडा आणल्यावाचून राहत नाही. मीही आणला. पण तिथल्या बाजारात हिंडताना लक्षात आले, की आपण ज्याला खाऊ म्हणतो ती या मुलखाची दुष्काळातली बेगमी होती.

राव बिकाने १४८८ मध्ये हे शहर वसवले. इथे वर्षाचा पाऊस सरासरी ३०० मिलिमीटरच्याही आत. अशा रेताड जमिनीत तग धरते ती मोठ, म्हणजे आपली मटकी. भुजियाची खरी चव या मटकीच्या पिठाची. महाराज डुंगरसिंह यांच्या काळात, १८७७ मध्ये, तो प्रथम तयार झाला असे सांगतात. २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

त्याच बाजारात काळसर, वाळलेल्या काड्यांसारखी सांगरी दिसते. या खेजडीच्या कोवळ्या शेंगा. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी! उन्हाळ्यात शेंगा तोडायच्या, उकडून वाळवायच्या, की वर्षभराची भाजी घरात. जोडीला कैर, म्हणजे काटेरी झुडपाची फळे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ राजस्थानात 'छप्पनिया' म्हणून आजही आठवला जातो. अशा मोठ्या दुष्काळांत लोकांनी खेजडीची सालसुद्धा दळून खाल्ली. दुष्काळात पोट भरणारी हीच सांगरी आज लग्नाच्या पंगतीत मानाने वाढतात आणि महाग विकतात.

या झाडासाठी माणसांनी प्राणही दिले आहेत. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुष झाडांना मिठी मारून मारले गेले. पुढे खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. तरीही बिकानेर परिसरात सौरऊर्जा प्रकल्पांसाठी ती तोडली जाते, आणि २०२४ पासून त्याविरुद्ध लोक धरणे धरून बसले. सूर्याची वीज हवीच. पण सावली, चारा आणि भाजी देणारे झाड गेल्यावर तिथल्या शेतकऱ्याने दुष्काळात कोणाकडे पाहायचे?

म्हणून मंडळी, बिकानेरला गेलात तर भुजियाबरोबर पावशेर सांगरीही घ्या. रात्रभर भिजवा, उकडा, तेलात मिरची-मसाल्यावर परता. आणि पाहुण्यांना वाढताना सांगा, ही शमीची भाजी आहे.