टेलिफोनजवळ बसलेले शोमरोनी

चहाच्या पेल्यापासून आरंभ झालेल्या एका मोठ्या स्वयंसेवेचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

इ. स. १९३५ सालीं इंग्लंडांत चॅड व्हारा नांवाच्या अँग्लिकन पंथाच्या एका तरुण धर्मोपदेशकानें १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधि केला. प्रथम ऋतुप्राप्ति झाली असतां आपणांस लज्जास्पद रोग जडला असें समजून त्या अजाण मुलीनें आत्मघात केला होता. विचारावें असें तिला कोणी नव्हतें. हें शल्य व्हारा यांच्या अंतःकरणांत कायमचें राहिलें.

पुढें १९५३ सालीं लंडनमधील वॉलब्रुक येथील संत स्तेफनाचें मंदिर त्यांच्याकडे आलें. त्या शहरांत दररोज तीन माणसें आत्मघात करतात असें त्यांच्या वाचनांत आलें होतें. आग लागली तर टेलिफोन करतां येतो. मग जीव देण्यास निघालेल्यानें कोणास हांक मारावी? २ नोव्हेंबर १९५३ रोजीं त्या मंदिराच्या टेलिफोनवर पहिली हांक आली. आपल्या ख्रिस्तसभेंत हाच मृतांच्या स्मरणाचा दिवस होय.

वर्तमानपत्रांतून वार्ता पसरली. ‘डेली मिरर’नें त्यांस टेलिफोनवरील शोमरोनी म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें. दुःखितांची रीघ लागली, तसे मदतीस स्वयंसेवकही आले. त्यांचें काम तें काय? आलेल्यांस चहा द्यावा व पाळी येईपर्यंत जवळ बसावें, इतकेंच. परंतु थोड्याच दिवसांत एक नवल दिसून आलें. पुष्कळ जण चहा घेतां घेतांच मन मोकळें करीत आणि धर्मोपदेशकांस न भेटतांच हलक्या मनानें परतत! व्हारा यांनीं यांतील अर्थ ओळखला. फेब्रुवारी १९५४ मध्यें त्यांनीं टेलिफोन स्वयंसेवकांच्या हातीं सोंपविला. आपल्यापेक्षां साधीं माणसें हें काम बरें करतात, असें कबूल करण्यास मोठें मन लागतें.

मात्र केवळ सदिच्छेवर ही सेवा चालली नाहीं. स्वयंसेवकांची पारख करणें, त्यांस शिकविणें, रात्रंदिवस पाळ्या लावणें, ऐकलेली गोष्ट बाहेर न नेणें, आणि कोणावरही आपला धर्म वा मत न लादणें, अशी शिस्त घालून दिली गेली. उपदेशाची संवय असलेल्या आम्हांस हा शेवटचा नियमच सर्वांत कठीण वाटतो. व्हारा २००७ सालीं, ९५ व्या वर्षीं, निवर्तले. २०१५ सालीं ब्रिटनमध्यें ही हांक विनामूल्य करण्यांत आली.

शुभवर्तमानांतील शोमरोन्यानें वाटेवरच्या जखमी मनुष्यास ‘तूं कोण’ असें विचारलें नव्हतें. महोत्सवाच्या वर्गणीसाठीं आपण घरोघर टेलिफोन केले. आतां तीच यादी पुन्हां हातीं घेऊं या. एकाकी वृद्धास, नुकत्याच विधवा झालेल्या भगिनीस, मंदिरांत दिसेनाशा झालेल्या तरुणास टेलिफोन करूं या, आणि या खेपेस कांहींएक न मागतां केवळ ऐकूं या.